सांदणमधून अर्ध्यातूनच मागं का आणलं

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि घरात सगळ्यांना वाचूनही दाखवला. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्या भंडारदऱ्याकडची सांदण दरी अर्धीच दाखवली, अंघोळीला माणशी एकच बादली, काजव्यांपाशी टॉर्च लावू दिला नाही, आणि बाकीचे ग्रुप माणशी 1100 रुपये घेतात तिथं आम्ही 1800 घेतले. शिवाय जेवण साडेदहाला मिळालं आणि गोधडीला वास येत होता.

जेवण आणि गोधडी ही शंभर टक्के आमची चूक. पाहुणे ठेवायची गावात घराघरांची पाळी असते, त्या दिवशी दोन घरांची होती, त्यातल्या एका घरी अचानक आजारपण आलं, मग 22 माणसांच्या भाकरी एकाच चुलीवर आल्या, मी तिसऱ्या घरी आधीच सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं नाही. लेकरं उपाशी झोपली तुमची, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण दरीतून मागं आणलं ते बरोबरच केलं, उद्या पुन्हा तसंच करीन. तुम्ही म्हणता पाऊस तर पडलाच नाही. दादा, सांदणमध्ये पडायची गरजच नसते, वर डोंगराला झोडपलं तरी सगळं पाणी त्याच घळीत उतरतं आणि खाली कोकणाकडं कोसळतं, दोन्ही बाजूला दोनदोनशे फूट कातळ, काही ठिकाणी दोन माणसं शेजारी उभी राहणार नाहीत एवढीच रुंदी, मग पळायचं कुठं? मे महिन्याच्या शेवटी दुपारी रतनगडाच्या बाजूला आभाळ काळं झालं की आमचे गाईडमामा मागं वळतात, समोर कोणी असो. त्यांना तुम्ही 'घाबरट' लिहिलंय ते मात्र मनाला लागलं. त्यांचं बालपण त्या दरीच्या तोंडाशी गुरं राखण्यात गेलंय.

पाण्याचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, एवढा पाऊस इकडं. पण खाली सगळा कातळ, मुरत काहीच नाही, भंडारदऱ्याचं धरण 1926 पासून भरतंय आणि ते पाणी प्रवरेनं खाली जातं, आम्ही वरच्या वाड्यांवरचे एप्रिल-मेमध्ये विहिरीच्या तळाशी. तुमची ती एक बादली घरातल्या बाईनं डोक्यावर आणलेली होती. हे मी बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं, आता मेसेजमध्येच लिहितो.

आता पैशांचं. 1800 मधले 800 तुम्ही राहिलात त्या घराला, 400 गाईडला, 100 कचरा खाली नेणाऱ्या गाडीला, उरलेल्यात जीप, दोर-हेल्मेट आणि माझी मजुरी. 1100 वाले काही ग्रुप तंबू शहरातून आणतात, आचारी आणतात, पाण्याचे बॉक्ससुद्धा आणतात, मग गावात काय उरतं तर प्लेटा आणि बाटल्या. आमच्याकडं भात निघाला की निम्मं गाव नारायणगावला मजुरीच्या बाजारात उभं राहायचं, टोमॅटो तोडायला, पोरांची शाळा अर्धी बुडायची. आता पाळीत 14 घरं आहेत, त्यातल्या 9 घरची माणसं गेल्या हिवाळ्यात गेली नाहीत. रेट कमी केला तर पहिली कात्री त्यांच्याच 800 ला लागते, म्हणून करत नाही.

आणि टॉर्च. हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर ते लुकलुकतं ना, तो काजव्याचा नर मादीला बोलावत असतो. पावसाआधीचे दोन-तीन आठवडे एवढाच वेळ असतो त्यांच्याकडं, त्यात गाडीच्या लाइटी आणि मोबाइलचे फ्लॅश पडले की मादीला तो दिसतच नाही. त्यांची पुढची पिढी झाली नाही तर पुढच्या वर्षी कोणाला काय दाखवू?

जेवणाचे आणि गोधडीचे मिळून माणशी 300 रुपये आज परत पाठवतो, ते माझ्या हिश्श्यातले, त्या घराचे कापलेले नाहीत. पावसाळ्यात दरी बंद असते. दिवाळीनंतर या, डोहात पाणी असतं, कपड्यांचा जादा जोड आणा, तेव्हा गाईडमामाच तुम्हाला दुसऱ्या टोकापर्यंत नेतील.