मुरारच्या भाऊंना, कमरेवरच्या रिव्हॉल्व्हरबद्दल

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचून उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. त्याच रात्री लिहायला बसले असते तर उत्तर झालं नसतं, भांडण झालं असतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मार्चमध्ये मी इथे, लायसन्सचं रिव्हॉल्व्हर अंगावर नेमकं कुठे ठेवायचं, यावर लिहिलं होतं. त्यावर आपल्या ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या या भाऊंचे चार आक्षेप आहेत. पाठीमागे कमरेत ठेवणं सगळ्यांत सोयीचं, असं मी लिहिलं ते साफ चूक. पुढे पोटाशी ठेवण्याचा मी उगाच बाऊ केला. बायकांनी सरळ पर्समध्ये ठेवावं, त्यात एवढं पुराण कशाला. आणि शेवटी टोला: ‘आराम हवा असेल तर हत्यार घरी ठेवा, ताई.’

पहिला आक्षेप मान्य. नुसता मान्य नाही, तुमच्या चार महिने आधी माझ्या पाठीला तो मान्य झाला होता. जुलैत पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनजवळ, पावसात ओल्या झालेल्या ऑइलच्या डागावरून पाय सटकला आणि मी थेट मागे आपटले. माझं ‘निर्भीक’ आहे. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ मध्ये काढलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास. हलकं आहे म्हणून मी ते मिरवते. पण फरशी आणि पाठ यांच्या मधे सापडलं की अर्धा किलो काय आणि पाच किलो काय! मणक्यावर नाही, त्याच्या दोन बोटं उजवीकडे लागलं, म्हणून आज बसून लिहिते आहे. पंधरा दिवस कुशीवर झोपले. घरी सांगितलं, जिन्यावर पडले. लेखात दुरुस्ती केली नाही, कारण लाज वाटली. ती आता करते: पाठीच्या मधोमध, मणक्यावर, काहीही टणक वस्तू बांधून फिरू नका. दुचाकीवर तर नकोच नको. त्यातून मागचं आपल्याला दिसत नाही. शटर उचलायला वाकलं की कुर्ता ताणला जातो आणि आपल्याला सोडून सगळ्या बाजाराला मूठ कळते.

पण चौथा आक्षेप मी मान्य करणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच हे लिहायला बसले. ‘आराम हवा तर घरी ठेवा.’ हे ऐकायला मर्दानी वाटतं. पण टोचणाऱ्या वस्तूचं माणूस काय करतो? सारखा हात लावतो. सरकवतो, वर ओढतो, पट्टा सैल करतो, गाडीत बसल्यावर काढून सीटवर ठेवतो, दुकानात आल्यावर गल्ल्यात टाकतो, घरी फ्रिजवर. खोळात (होल्स्टरमध्ये) स्वस्थ बसलेलं रिव्हॉल्व्हर आपण होऊन काही करत नाही. बार उडतो तो काढताना, घालताना, सावरताना. गोविंदाला १ ऑक्टोबर २०२४ ला पायात गोळी लागली ती स्वतःच्या घरात, रिव्हॉल्व्हर हातातून सुटून. २००८ मध्ये न्यू यॉर्कच्या एका नाइट क्लबात प्लॅक्सिको बरेस या अमेरिकन फुटबॉलपटूचं पिस्तूल, खोळाशिवाय नुसतं कमरेत खोचलेलं, घसरायला लागलं. तो सावरायला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत. वर दोन वर्षांची शिक्षा.

म्हणून मी जागा मोजते ती एकाच मापानं: दिवसाकाठी तिथे हात किती वेळा जातो. मागच्या हिवाळ्यात पंपाच्या डायरीच्या शेवटच्या पानावर चार-चार दिवस रेघा मारून पाहिल्या. सरळ उजव्या कमरेवर, पँटच्या आतल्या खोळात, घट्ट पट्ट्यासह: दिवसाला दोन-तीन रेघा. पोटाशी ठेवलं त्या दिवसांत पान भरलं. त्यातल्या अर्ध्या रेघा खुर्चीवर बसता-उठताना, कारण नळी जांघेत रुतते. शिवाय भाऊ, लाजण्यासारखं काही नाही म्हणून लिहिते, आपल्याकडचं बसायचं संडास अमेरिकेत नसतं. तिथे उकिडवं बसताना पुढचं पोटात घुसतं, मागचं उलटं होऊन पडायला बघतं. मग माणूस ते काढून खिळ्याला टांगतो किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो, आणि हात धुऊन तसाच बाहेर येतो. हे विसरणं ज्याच्या हातून झालंय त्याला विचारा, त्या दहा मिनिटांत काय होतं ते. (मला विचारू नका.)

अमेरिकेतलं सगळं इथे चालत नाही, याचं आणखी एक उदाहरण. तिथले लोक जागा घड्याळाच्या भाषेत सांगतात: बेंबी म्हणजे बारा, उजवी कंबर तीन, कणा सहा. त्यांचा एक लोकप्रिय सल्ला असा की गाडी चालवणाऱ्यानं हत्यार डाव्या बाजूला, मूठ पुढे करून ठेवावं. का? त्यांचं स्टिअरिंग डावीकडे. सीटबेल्टचं कुलूप चालकाच्या उजव्या कमरेशी येतं, बरोब्बर हत्याराच्या डोक्यावर. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, कुलूप डावीकडे. म्हणजे तो सल्ला डोळे मिटून पाळला तर जी अडचण चुकवायची तीच आपण गळ्यात बांधून घेतो. उजव्या कमरेवर आपल्याला बेल्टची नुसती पट्टी येते, तीही कुर्त्याच्या वरून. शिवाय मूठ पुढे असली की समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला ती आपल्याइतकीच सोयीची. हे तुम्हाला मी काय सांगणार.

पोटाशी ठेवण्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा, म्हणजे चाप ओढला की घोडा (मागची हातोडी) आपोआप मागे जाऊन आपटतो त्याचा, चाप लांबवर आणि जोरानं ओढावा लागतो, तो चुकून दाबला जाणं अवघड, आणि खोळात घालताना अंगठा घोड्यावर ठेवला तर चाप कुठे अडकतोय का ते अंगठ्याला आधी कळतं. पण नळी रोखलेली असते मांडीच्या मोठ्या शिरेवर, आणि ती फुटली तर इस्पितळ गाठायलाही वेळ मिळेलसं नाही. तुम्ही शर्ट घालता, मी ओढणी घेते. ओढणीचा गोंडा आणि कुर्त्याची नाडी चापाच्या कडीत शिरायला टपलेलीच असतात. एकदा माझ्या डोळ्यांदेखत गोंडा आत गेला. मी बघत होते म्हणून थांबले. तेव्हापासून ओढणी खांद्यावरून काढून ठेवते, खोळात खाली बघत घालते, आणि शक्यतो रिव्हॉल्व्हर खोळासकट पट्ट्यावर चढवते नि खोळासकटच उतरवते. घाई काढताना लागेल तर लागेल. आत घालताना कुणी बक्षीस देत नाही.

आता पर्स. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही हळदीकुंकवाला या. आतल्या खोलीत पलंगावर वीस पर्सा पडलेल्या असतात आणि त्यांच्यात गोळ्या-चॉकलेट शोधणारी चार पोरं. त्यातल्या एका पर्समध्ये सहा काडतुसं भरलेलं रिव्हॉल्व्हर आहे असं डोळ्यांसमोर आणा. ३० डिसेंबर २०१४ ला अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एक बाई दुकानात खरेदी करत होती. दोन वर्षांच्या मुलानं तिच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, गोळी सुटली, ती जागच्या जागी गेली. पर्स साधीसुधी नव्हती, हत्यारासाठी वेगळा कप्पा आणि चेन असलेली, खास त्यासाठीच बनवलेली. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत हत्यार पूर्ण झाकलेलं हवं असं आहे, तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. त्याच नियमात पुढे आहे की बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या पर्सवर कसला ताबा? आणि मोटारसायकलवरच्या पोरानं पर्स ओढली की त्याला पैसे मिळतात आणि वर रिव्हॉल्व्हर फुकट.

मान्य करते की बायकांच्या कपड्यांत दुसरा पर्याय तयार मिळत नाही. सलवारीच्या नाडीवर अर्धा किलो टांगलं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. मी पंपावर कुर्त्याखाली जाड कापडाची पँट आणि दीड इंची कडक चामड्याचा पट्टा घालते. शिंप्याकडून कुर्त्याचा उजवा कट दोन इंच खाली घेतला, कारण स्कूटरवर बसलं की तो उघडायचा आणि मूठ बाहेर डोकवायची. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला हे सगळं अंगावर वागवणं म्हणजे सुख नव्हे. रोज रात्री खोळ उघडं करून वाळवायचं, रिव्हॉल्व्हरवरून तेलाचं फडकं फिरवायचं. साडीत मात्र मी अजून हरलेलीच आहे. इलॅस्टिकचा पोटपट्टा वापरून पाहिला, तो घामानं गोळा होतो. तेव्हा साडी नेसते त्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरच्या तिजोरीत, आणि भरणा करायला पुतण्या सोबत. मेळ्यात आणि मिरवणुकीत तर खास परवानगीशिवाय न्यायचंच नाही, हे लायसन्सच्या अटींतच आहे. पण आपल्या ग्वाल्हेरात लोक ते अंगावर नेत नाहीत म्हणजे गाडीच्या डिकीत ठेवून आत जातात. ते सगळ्यांत वाईट.

राहिलं तुमचं बावीस वर्षांचं मऊ झालेलं चामड्याचं खोळ, जे तुम्ही मला देऊ केलंत. मनापासून आभार. पण आधी एक करा. रिव्हॉल्व्हर रिकामं करून, चरखी (काडतुसांचं फिरतं नळकांडं) फिरवून दोनदा बघून, बाजूला ठेवा आणि रिकामं खोळ पट्ट्यावर चढवून त्याचं तोंड बघा. ते मिटत असेल, कडा आत वळत असेल, तर आत घालताना तीच कड चापावर दाब देते. तसं असेल तर मला देऊ नका आणि तुम्हीही वापरू नका. तोंड उघडं राहत असेल तर रविवारी अकरापर्यंत मी पंपावर असते. चहा घ्यायला या.