समुद्रकाठचं घर हिवाळ्यात स्वस्त मिळतं, या सल्ल्यातली गफलत

थंड देशांतल्या समुद्रकाठच्या लहान, परवडणाऱ्या गावांबद्दल एक सल्ला दरवर्षी शरद ऋतूत फिरायला लागतो. पर्यटक गेले की भाव पडतात, विकणारा अडलेला असतो, रिकामं घर निवांत तपासता येतं, विम्याचं नंतर बघावं, घर मिळेपर्यंत हिवाळी भाड्याने राहावं आणि गाव तेव्हा ओस असल्याने माणसांची चौकशी उन्हाळ्यात करावी, असा त्याचा सारांश. यातली प्रत्येक गोष्ट अर्धवट आहे. ज्याला चूक परवडणार नाही, तोच स्वस्त घर शोधत असतो, म्हणून ती तपासून घ्यायला हवी.

"भाव पडतात."
गावातल्या विक्रीचा मधला आकडा हिवाळ्यात खाली येतो, हे खरं. पण मुलांची शाळा बदलायची असलेली कुटुंबं मोठी घरं उन्हाळ्यात घेतात आणि हिवाळ्यात विकल्या जाणाऱ्या थोड्या घरांत लहान घरं जास्त असतात. एकाच घराच्या दोन वेळच्या विक्रीची तुलना करणाऱ्या निर्देशांकांत हीच घसरण बरीच कमी दिसते. शिवाय अमेरिकेत करार ते ताबा यात साधारण 30 ते 45 दिवस जातात, म्हणजे जानेवारीच्या नोंदीतला भाव बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात ठरलेला असतो. तुलना करायचीच तर त्याच रस्त्यावरच्या, तेवढ्याच खोल्यांच्या घराशी करा.

"विकणारा अडलेला असतो."
वारसाहक्काचं किंवा बदलीमुळे विकायला काढलेलं घर असेल तर असतो. सुट्टीच्या घराचा मालक मात्र पुढच्या हंगामाच्या भाड्यावर नजर ठेवून थांबू शकतो. जुलैपासून पडून राहिलेल्या घरामागे बहुधा काहीतरी कारण असतं आणि घासाघीस करण्याआधी ते शोधावं लागतं. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कित्येक स्वस्त बैठ्या घरांवर फक्त सुट्टीपुरत्या वापराची अट असते. काही वसाहतींत वर्षाचे 10 किंवा 11 महिनेच राहता येतं. अशा घरावर कर्ज मिळणंही अवघड जातं.

"रिकामं घर निवांत तपासता येतं."
सर्वात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं आणि पाइप फुटतात, म्हणून बंद घरातलं पाणी काढून टाकलेलं असतं. अशा घराची तपासणी म्हणजे कोरड्या नळांची तपासणी. करारातच लिहून घ्या की विकणारा स्वखर्चाने पाणी सुरू करेल, घर किमान 13 अंश सेल्सियसवर ठेवेल आणि तपासणीनंतर गरज पडल्यास पाणी पुन्हा काढेल. पाणी तपासणीच्या आदल्या दिवशी सुरू व्हायला हवं, कारण केसाएवढ्या चिरेतून झिरपलेलं पाणी छतावर उमटायला वेळ लागतो. मग सगळे नळ बंद करून अर्धा तास पाण्याचा मीटर पाहा. काटा हलला तर कुठेतरी गळती आहे. न्हाणीघराखालच्या खोलीचं छत हाताने चाचपा.

काही गोष्टी हिवाळ्यात तपासता येतच नाहीत. बाहेर 15-16 अंशांपेक्षा कमी तापमान असेल तर वातानुकूलन यंत्र थंडाव्यावर चालवून पाहू नये, कॉम्प्रेसरला इजा होऊ शकते. छतावर बर्फ असेल तर छत दिसत नाही. या दोन्हींसाठी काही रक्कम तिऱ्हाइताकडे राखून ठेवायची किंवा वसंतात फेरतपासणी करायची, हे सहीआधी ठरवा.

सेप्टिक टाकीचंही तसंच. महिनोन्‌महिने वापर नसल्याने टाकीतलं पाणी जिरवणारी शोषक जमीन सुकलेली असते आणि चाचणीत सगळं ठीक दिसतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ही व्यवस्था दर शयनकक्षामागे दिवसाला 110 गॅलन, म्हणजे सुमारे 416 लिटर सांडपाणी धरून आखतात. तीन शयनकक्षांच्या घरात ऑगस्टभर दहा पाहुणे उतरणार असतील तर ती तुंबणारच. टाकी शेवटची कधी उपसली त्याची पावती मागा.

पाण्याची जोडणी बारमाही आहे का, हेही विचारा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर काही भागांत उथळ टाकलेल्या हंगामी जलवाहिन्या थंडीत बंद करतात. रस्ता खाजगी असेल तर बर्फ कोण काढतं आणि वर्गणी किती, तेही विचारा.

हिवाळ्याचा खरा फायदा एकच आहे. ओल, वारा शिरण्याच्या फटी आणि भरतीचं पाणी तेव्हा उघड दिसतं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, भरतीच्या वेळेला जाऊन रस्त्यावर पाणी येतं का ते डोळ्यांनी पाहा.

"विमा नंतर बघू."
अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा घेतल्यावर तो लागू व्हायला सहसा 30 दिवस लागतात. कर्जासोबत घेतला तर ही अट नसते, पण रोखीने स्वस्त घर घेणारा नेमका वादळांच्या दिवसांत उघडा पडतो. इमारतीसाठी या विम्याची कमाल मर्यादा 2,50,000 डॉलर आहे. मुख्य निवास असेल तर हप्ता वर्षाला बहुधा 18 टक्क्यांपर्यंतच वाढू शकतो, दुसरं घर असेल तर 25 टक्क्यांपर्यंत. अनेक पॉलिसींत घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं. ऑफर देण्याआधी लेखी कोटेशन हातात हवं.

"तोवर हिवाळी भाड्याने राहा."
हे भाडं कमी असतं, कारण करार मेअखेर संपतो. जूनपासून तीच खोली आठवड्याच्या दराने पर्यटकांना जाते. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड या किनारी भागात तर शरदात आत आणि उन्हाळ्याआधी बाहेर अशी दरवर्षीची पळापळ इतकी रुजली आहे की तिला 'केप कॉड शफल' असं नावच पडलंय. शिक्षक, परिचारिका, मासेमार, हॉटेलातले कामगार सामान बांधून हिंडतात. तुम्हीही त्याच थोड्या खोल्यांवर बोली लावणार असता, तेव्हा करार 12 महिन्यांचाच मागा.

"गाव ओस असतं, चौकशी उन्हाळ्यात करा."
उन्हाळ्यात गावकऱ्यांना दोन-दोन पाळ्या असतात, बोलायला सवड नसते. सभा, ग्रंथालयातले कार्यक्रम, स्वयंसेवी अग्निशमन दलाचे सराव यांना हिवाळ्यात जाऊन बसता येतं. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता रस्त्यावर किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. शनिवारी नको, कारण तेव्हा शहरातले मालक आलेले असतात. दवाखाना नवे रुग्ण घेतो का, शाळेची पटसंख्या पाच वर्षांत वाढली की घटली आणि बसचं हिवाळी वेळापत्रक काय आहे, हे विचारा.

दिव्यांची ही मोजदाद महत्त्वाची आहे, कारण बारमाही राहणारी माणसं किती ते त्यातून कळतं. ब्रिटनमध्ये समुद्रात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या आरएनएलआय या संस्थेच्या बोटींवर बहुतांश स्वयंसेवक असतात आणि बोलावणं आलं की मिनिटांत पोहोचता येईल इतक्या जवळ त्यांना राहावं लागतं. बंदराजवळची घरं सुट्टीपुरती उघडू लागली की ही माणसं दूर जातात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या सेंट आइव्हज गावाने 2016च्या सार्वमतात नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांसाठी असावीत असा कौल दिला. वेल्समध्ये एप्रिल 2023पासून दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्सच्या (स्थानिक घरपट्टीच्या) वर 300 टक्क्यांपर्यंत अधिभार लावायची मुभा आहे आणि इंग्लंडमध्ये एप्रिल 2025पासून 100 टक्क्यांपर्यंत. घर वर्षाचे दहा महिने बंद ठेवायचा बेत असेल तर हा अधिभार आणि विम्याची वाढ आधी हिशेबात धरा. बारा महिने राहणार असाल तर स्थानिक कौन्सिलमध्ये मुख्य निवासाची नोंद ताबा मिळाल्याबरोबर करून टाका.