अण्णांचा सुपरवायझर आणि आमचा हिरवा ठिपका

अण्णा नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीत 27 वर्षं मशीनवर होते. सकाळी भोंगा व्हायचा, सातच्या आत कार्ड पंच करायचं, उशीर झाला की लाल शाई. सुपरवायझर कडक. पण तो कुठल्या शॉपमध्ये फिरतोय, जेवायला कधी जातो, कशावरून तापतो, हे अण्णांना पाठ होतं. तो नजरेआड झाला की घटकाभर मशीनला टेकून तंबाखू मळता यायची. आणि साडेतीनला गेटबाहेर पडले की कंपनी मागे राहायची. सायकल सरळ भाजीबाजारात.

हे आज लिहितेय, कारण गेल्या महिन्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि ती मनातून जात नाही.

मी अंबडला एका ऑफिसात आहे. आमच्याकडे साहेब नाही. खरंच नाही. केबिन नाही, पंचिंग नाही, रजेचा अर्ज नाही. टीमला सांगायचं आणि निघायचं. कामं आम्हीच वाटून घेतो, तारखा आम्हीच ठरवतो. मला हे सगळं फार आवडलं होतं, त्यातलं काही अजूनही आवडतं. फक्त स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. हात चालू असला की हिरवा, काही मिनिटं कीबोर्डला बोट लागलं नाही की पिवळा. आणि शुक्रवारी एक तक्ता येतो : कुणी किती तिकिटं, म्हणजे कामाच्या नोंदी, बंद केल्या, कुणाला उत्तर द्यायला किती वेळ लागला. तो सगळ्यांना दिसतो. बोनस मात्र अख्ख्या टीमच्या आकड्यावर.

त्या दिवशी टीममधल्या एका मुलीचा ठिपका पावणेबारापासून पिवळा. ती सिन्नरला राहते, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. क्लायंटचं काम तिच्यापाशी अडलेलं. मी ग्रुपवर टाकलं, "सगळं ठीक ना गं?" शेवटी एक हसरा चेहरा. खाली तिघांनी अंगठे दिले. चाळीस मिनिटांनी तिचं उत्तर आलं : "सॉरी सॉरी, सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, दवाखान्यात आणलंय. लॅपटॉप बरोबर आहे, इथूनच करते."

मला ते लिहायला कुणीही सांगितलं नव्हतं. शब्द काळजीचे होते, पण मला विचारायचं होतं, "कुठे आहेस?" ते सगळ्यांना कळलं. तिलाही कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती ग्रुपवर लिहायला लागली. "पाणी आणते." "आले." "दोन मिनिटं, कुरिअरवाला." "आले."

जेम्स बार्कर नावाच्या अभ्यासकानं 1993 साली नेमकं हेच मांडलंय. अमेरिकेतली सर्किट बोर्ड बनवणारी एक छोटी कंपनी. तिथे सुपरवायझर काढले आणि कामगारांच्या टीम केल्या, तुमचं तुम्ही चालवा म्हणून. हळूहळू त्या टीमनी स्वतःच नियम बांधले, वेळेवर येण्याचेसुद्धा, आणि ते जुन्या साहेबापेक्षा कडक निघाले. एका कामगारानं त्याला सांगितलं, पूर्वी साहेब नसला की शेजाऱ्याशी बोलता यायचं, आता सगळी टीमच भोवती आहे आणि सगळी टीम बघतेय. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं नियमांच्या ज्या लोखंडी पिंजऱ्याबद्दल लिहिलं होतं, तो साहेब गेल्यानं उघडला नाही, उलट आणखी आवळला गेला, असं बार्करचं म्हणणं. वाचताना मला माझाच मेसेज दिसत होता.

काम करणाऱ्याला ठिपक्याची भीती कशाला, असं विचारणारे बरेच आहेत. अहो, ठिपक्याला काम दिसतच नाही, बोट दिसतं. अवघड गोष्ट मी आजही वहीत पेनानं सोडवते. त्या अर्ध्या तासात दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम होतं आणि मी पिवळी असते.

अण्णांच्या कंपनीत गेटजवळ काचेच्या पेटीत स्थायी आदेश लावलेले होते. 1946 च्या कायद्यानं ते लावणं भाग होतं, बहुतेक कामगारांना कळेल अशा भाषेत. रजा कशी मिळते, उशिराचं काय, गैरवर्तन कशाला म्हणायचं, सगळं लिहिलेलं. एकदा अण्णांचा अर्धा दिवस कापला गेला, तेव्हा त्यांनी युनियनच्या माणसाला त्या पेटीसमोर नेऊन कलम दाखवलं आणि पैसे परत घेतले. आमच्याकडे ठिपका किती वेळ पिवळा चालतो, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून ते कुणी मोडू शकत नाही आणि त्यावर दादही मागता येत नाही. मागायची कुणाकडे? समोर माझ्याच मैत्रिणी आहेत.

2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायची तर संमती न घेताही चालेल, अशी वाट ठेवली आहे. तेव्हा कामाच्या जागचा खासगीपणा आपल्यालाच मागून घ्यावा लागणार. आणि मागून मिळतंही. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ऑफिसांसाठी, कोण त्यांचं सॉफ्टवेअर किती वापरतं याचा, असाच एक स्कोअर काढला होता. ओरड झाली, आणि काही दिवसांत कंपनीनं त्यातून माणसांची नावं काढून टाकली.

सोमवारी मी टीमपुढे मांडणार आहे : शुक्रवारच्या तक्त्यातून नावं काढा. ठिपका बंद ठेवायची मोकळीक प्रत्येकाला द्या. आणि जे नियम आपण एकमेकांवर चालवतोय, ते एका कागदावर मराठीत लिहून काढू. लिहायला बसलो की त्यातले निम्मे लिहिण्याची लाज वाटेल, असं मला वाटतं.

त्या मुलीला परवा फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, "नाही हो ताई, तुमचं काय चुकलं? मीच आधी कळवायला हवं होतं." सासूबाईंच्या मनगटाला प्लास्टर आहे, रात्री झोप लागत नाही त्यांना. हे सांगता सांगता ती मध्येच थांबली.

"एक मिनिट हं ताई, ग्रुपवर टाकते, फोनवर आहे म्हणून."