लघवीच्या गोळ्या एकाच माळेचे मणी नाहीत

‘लघवीची गोळी म्हणजे दमलेल्या किडनीला चाबूक’ असं सांगणारा मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: या सगळ्या गोळ्या शरीरातलं पाणी पिळून काढतात आणि किडनी निकामी करतात, बीपीसाठी त्या देणं हा निव्वळ धंदा, सूज उतरली की गोळी बंद करावी, आणि घ्यावी लागलीच तर सोबत पोटॅशियम घ्यावं, भरपूर पाणी प्यावं. असलं वाचून हृदयाच्या रुग्णानं गोळी परस्पर थांबवली, तर त्याच्या फुप्फुसात पाणी साचून धाप लागू शकते. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी चाबूक. किडन्या दिवसाकाठी साधारण 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं 99 टक्के परत रक्तात घेतात. गोळी गाळण्याचं काम वाढवतच नाही. गाळलेलं मीठ परत आत घेण्याची वाट ती अडवते. मीठ किडनीतल्या बारीक नळीत राहिलं की पाणीही त्याच्यासोबत राहतं. मीठ खेचायला पेशींना ऊर्जा लागते, त्यामुळे ती वाट अडली की त्या पेशींचा प्राणवायूचा खर्च उलट कमीच होतो. भीतीत तथ्य आहे ते एवढंच: गरजेपेक्षा जास्त पाणी निघून गेलं, उलट्या-जुलाब चालू असताना गोळी तशीच चालू ठेवली, किंवा सोबत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं मनानं घेतली, तर किडनीचा रक्तपुरवठा घटतो आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, चढतं. दोष तिथे डोसाचा आणि प्रसंगाचा असतो.

‘सगळ्या सारख्याच’ हे तर साफ चूक. फ्युरोसेमाइड आणि टॉरसेमाइड या नळीच्या मधल्या, ‘हेन्लेचं वळण’ म्हणतात त्या यू-आकाराच्या वळणाच्या जाड, चढत्या भागावर काम करतात. गाळलेल्या मिठापैकी जवळपास 25 टक्के तिथे परत घेतलं जातं, म्हणून यांचा जोर मोठा. फुप्फुसात पाणी भरलं की शिरेतून फ्युरोसेमाइड देतात. पाच-दहा मिनिटांत लघवी सुटू लागते.

हे औषध कामाच्या जागी पोचतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. रक्तात ते अल्ब्युमिन या प्रथिनाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की जवळपास गाळलंच जात नाही. नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी ते रक्तातून उचलून नळीत सोडतात आणि तिथून वाहत ते पुढे जाऊन आतल्या बाजूनं काम करतं. किडनी अशक्त असेल तर नळीत पोचणारं औषध कमी पडतं, आणि ठरावीक पातळी गाठल्याशिवाय परिणामच दिसत नाही. किडनीच्या रुग्णाला डॉक्टर मोठा डोस देतात तो यामुळे. त्या वाढलेल्या डोसाकडे बोट दाखवून ‘बघा, गोळीनंच किडनी गेली’ म्हणणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं.

थायाझाइड गटाची औषधं, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन आणि जवळचं इंडापामाइड, हेन्लेच्या वळणाच्या पुढच्या टप्प्यावर काम करतात. तिथे मीठ थोडंच परत घेतलं जातं, म्हणून जोर बेताचा, पण परिणाम जास्त वेळ टिकतो. फ्युरोसेमाइड लघवीतून कॅल्शियम बाहेर घालवतं, थायाझाइड ते वाचवतं. आणि किडनी पाणी राखायला सांगणाऱ्या एडीएच या हार्मोनला दाद देत नाही म्हणून ज्यांना दिवसाला कित्येक लिटर लघवी होते, त्यांची लघवी कमी करायला थायाझाइडच वापरतात. नुसतं ‘पाणी पिळून काढणारं’ औषध हे करू शकेल का? स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन आणि अमिलोराइड नळीच्या शेवटाकडे काम करतात. मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल आणि काचबिंदूत देतात ते अ‍ॅसिटाझोलामाइड, यांची तऱ्हा आणखी निराळी.

धंद्याचा आरोप तर अजिबात टिकत नाही. थायाझाइड 1950च्या दशकातली औषधं, पेटंट केव्हाच संपलेली. ‘ऑलहॅट’ या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 33 हजारांहून जास्त बीपीचे रुग्ण होते. हृदयविकाराचा झटका आणि त्यानं येणारा मृत्यू टाळण्यात तिथे क्लोरथॅलिडोन नव्या औषधांपेक्षा कमी पडलं नाही, आणि अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या दुसऱ्या औषधाच्या तुलनेत हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडणं, कमी दिसलं.

सूज उतरली म्हणून गोळी बंद? हार्ट फेल्युअरमध्ये सूज उतरते तेव्हा आजार गेलेला नसतो. किडनी मीठ धरून ठेवायला टपलेलीच असते. मिठासोबत साठलेलं पाणी पायावर दिसण्याआधी बहुधा वजनकाट्यावर दिसतं. शिवाय स्पायरोनोलॅक्टोन तिथे फक्त सुजेसाठी नसतंच. 1999च्या ‘राल्स’ अभ्यासात बळावलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना ते 25 मिलिग्रॅमपासून दिलं आणि मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. एवढ्याशा डोसानं लघवी फारशी वाढत नाही. हृदयाला इजा करणाऱ्या अल्डोस्टेरॉन या हार्मोनला ते रोखतं. उलट अ‍ॅम्लोडिपिनमुळे आलेली पायाची सूज लघवीच्या गोळीनं सहसा हटत नाही. तिथे मूळ औषधाचाच विचार करावा लागतो.

सगळ्यात घातक सल्ला पोटॅशियमचा. फ्युरोसेमाइड आणि थायाझाइड पोटॅशियम घटवतात हे खरं, म्हणून डॉक्टर ते तपासून गरजेप्रमाणे भरून देतात. पण स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड ते वाढवतात. सोबत रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखं बीपीचं औषध चालू असेल, किडनी अशक्त असेल आणि वर पोटॅशियमची पावडर किंवा पोटॅशियम क्लोराइड असलेलं ‘कमी सोडियमचं मीठ’ पोटात गेलं, तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकतं. बरेचदा आधी काही जाणवतही नाही. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर रक्त तपासायला सांगतात ते याचसाठी.

भरपूर पाण्याचंही तसंच. हार्ट फेल्युअरच्या काही रुग्णांना पाणी मोजून दिलं जातं. थायाझाइड घेणारं शरीर जास्तीचं पाणी नीट बाहेर टाकू शकत नाही. वर तांब्यामागून तांब्या पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. वयस्कर बायकांमध्ये हा धोका जास्त, आणि तो बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो: तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं, गुंगी येते, कधी आकडी येते. नवी गोळी सुरू झालेल्या आजींचं असं काही दिसलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सोडियम तपासून घ्या.