लायबाखवर बंदी घालणाऱ्या शहरातून

मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामराने एकनाथ शिंदे यांना उद्देशून विडंबन गायलं, शिंदे गटाच्या शिवसैनिकांनी स्टुडिओ फोडला आणि दुसऱ्या दिवशी महापालिका हातोडे घेऊन हजर. वाद तापल्यावर पुण्यातल्या मावसभावाने मला गप्प केलं: ‘‘तुला बोलायला काय जातंय? तू युरोपात. तिथे कलाकारांना सगळं माफ असतं.’’

मी राहतो ल्युब्लियानात, स्लोव्हेनियाच्या राजधानीत. याच शहरात एका बँडला १९८३ ते १९८७ स्वतःच्या नावाने कार्यक्रम करायला बंदी होती.

बँडचं नाव लायबाख. त्रबोव्ल्ये या कोळसा खाणींच्या गावात १९८० साली तो सुरू झाला. लायबाख हे ल्युब्लियानाचंच जर्मन नाव. स्लोव्हेनिया तेव्हा साम्यवादी युगोस्लाव्हियाचा भाग होता, आणि नाझींशी लढल्याच्या अभिमानावर उभ्या असलेल्या त्या देशात ते पोस्टरवर छापणं म्हणजे मुद्दाम कळ काढणं होतं. पहिला कार्यक्रम तर सुरू होण्याआधीच बंद पाडला गेला. पुढे जे झाले त्यांत लष्करी गणवेश, कवायतीचे ढोल, कर्कश गोंगाट आणि हुकूम सोडावा तसा घोगरा आवाज. १९८२ मध्ये प्रेक्षकांतून आलेली बाटली गायक तोमाझ होस्तनिकच्या तोंडावर बसली. हनुवटीवरून रक्त वाहत असताना तो मुसोलिनीच्या थाटात तसाच ताठ उभा राहिला. त्याच वर्षाअखेरीस त्याने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी झाग्रेबमध्ये त्यांनी युगोस्लाव्हियाचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष टिटो यांच्या प्रचारपटावर अश्लील फीत चढवून दाखवली आणि कार्यक्रम मध्येच थांबवला गेला. मग टीव्हीवर मुलाखत झाली. गणवेशातली ही मंडळी निर्विकार चेहऱ्याने आधीच लिहून आणलेली उत्तरं देत होती आणि मुलाखतकार प्रेक्षकांनाच आवाहन करत होता की यांना कुणीतरी आवरा. त्यानंतर बंदी आली. १९८४ मध्ये नाव न छापता, नुसता काळा क्रॉस असलेलं पोस्टर लावून त्यांनी इथेच कार्यक्रम केला. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

लायबाख कधी कुणाची टिंगल करत नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळी गोम तिथे आहे. ‘तुम्ही फॅसिस्ट आहात का?’ या प्रश्नावर त्यांचं ठरलेलं उत्तर: हिटलर जितका चित्रकार होता, तितकेच आम्ही फॅसिस्ट. घ्या, काय अर्थ लावायचा तो लावा! याच शहरातला तत्त्वज्ञ स्लावोय झिझेक म्हणतो की सत्तेला हसणारा माणूस पचतो. तिचं कर्मकांड तिच्यापेक्षाही गंभीरपणे करून दाखवणारा पचत नाही. झिझेकचं सगळंच मला पटतं असं नाही, पण हे पटतं.

आपल्याकडचा वाद मात्र कलाकाराची बाजू कोणती, इथून सुरू होतो आणि तिथेच संपतो. कामराची बाजू घेणं सोपं होतं. विनोद कळतो, रोख कुणावर आहे तेही कळतं आणि नाक्यावर उभं राहून निषेध करता येतो. पण अंगावर येणारं गाणं आपल्याकडे आधीपासून आहे. २००२ नंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला; डफ घेऊन वस्त्यांमध्ये जातिव्यवस्था, धर्म आणि भांडवल या सगळ्यांची नावं घेऊन गाणारी पोरं. २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनाबाहेर अटकेला सामोरे गेले. २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली आणि पुढे त्यांची वर्षं तुरुंगात गेली. त्या वेळी आमचा ग्रुप शांत होता. कामराच्या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर लांबलचक मेसेज टाकणारेसुद्धा. (मीही त्याच ग्रुपवर आहे, म्हणजे काय ते समजा.)

लायबाखला डोक्यावर घ्यावं असंही नाही. आता ते प्रतिष्ठित आहेत, त्यांचे टीशर्ट विकले जातात आणि जुन्या गणवेशाची धार बरीच बोथट झाली आहे. २०१५ मध्ये ते प्याँगयांगमध्ये गायले. ते धाडस होतं की हुकूमशाहीला मिळालेली फुकटची शोभा, यावर इथे अजून भांडण होऊ शकतं. २०२३ मध्ये त्यांचा कीव्हमधला कार्यक्रम रद्द झाला, कारण रशियाच्या आक्रमणाबद्दल बोलताना त्यांनी ‘प्रॉक्सी युद्ध’ (बड्या सत्तांनी दुसऱ्यांच्या आडून लढलेलं युद्ध) म्हटलं होतं. मला तो निर्णय रास्त वाटला. बॉम्ब झेलणाऱ्या शहराने संदिग्धतेचं कौतुक का करावं?

‘‘म्हणजे तिथेही भावना दुखावतातच की,’’ मावसभाऊ म्हणाला.

दुखावतात. युगोस्लाव्हियाच्या एकपक्षीय राजवटीत तर भावना दुखावलेल्यांच्या हाती सगळी यंत्रणा होती, आणि त्या राजवटीचं गुणगान मी करणार नाही. पण १९८३ ची बंदी कशावर आहे, हे सांगून घातलेली होती: नावावर आणि कार्यक्रमांवर. कीव्हलाही कार्यक्रम का रद्द केला ते सांगितलं गेलं. खारमध्ये महापालिकेने जे कारण दिलं त्यात गाणं कुठेच नव्हतं. अनधिकृत बांधकाम होतं.