‘महिन्याला दहा हजारच तर जातात’: हा हिशेब कुठे चुकतो

ठाणे, ऐरोली, वाशीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘रमी, बेटिंग हा करमणुकीचा खर्च. महिन्याला दहा हजार गेले तर नुकसान दहा हजारांचंच. पैसे त्याचे, तोटा त्याचा. आणि आता बंदी आलीय, विषय संपला.’

आधी हे दहा हजार. हा आकडा बहुतेक वेळा खेळणारा स्वतः सांगतो, म्हणून बँकेचं १२ महिन्यांचं स्टेटमेंट काढा. त्यात खेळाचं नाव सापडेलच असं नाही. पेमेंट कंपनीचं किंवा भलत्याच माणसाचं नाव असतं. त्यामुळे नाव न शोधता वेळ आणि रक्कम बघा. ७ तारखेला पगार जमा, त्याच रात्री ११:४० ला ५००, ११:५३ ला ५००, १२:०५ ला १,०००, १२:११ ला २,०००, १२:१४ ला ५,०००. रक्कम वाढत चाललीय आणि मधली मिनिटं कमी होताहेत, म्हणजे हरलेलं भरून काढायची धडपड चाललीय. विजेचं बिल असं कोणी भरत नाही. भरलेले आणि परत आलेले पैसे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, मग वजाबाकी करा.

समजा वर्षाची वजाबाकी खरंच १,२०,००० आली. त्यातले ६०,००० क्रेडिट कार्डावरून उचललेले असतील, तर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज २,१०० रुपये. नऊ महिने थकले की १८,९००, तेही व्याजावरचं व्याज न धरता. हप्ता बाउन्स झाला की कर्ज देणारा दंड लावतो आणि आपली बँकही. सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर उपविधींप्रमाणे त्यावरही व्याज लागू शकतं.

इथे घरचे एक चूक हमखास करतात: हरलेल्या १,२०,००० मध्ये कर्जाचे ६०,००० पुन्हा मिळवतात. पैसा तोच, मोजला दोनदा. मुद्दल सोडा, फक्त व्याज आणि दंड धरा. नाहीतर खेळणारा एवढी एक चूक पकडून अख्खा हिशेब उडवून लावतो. दागिन्यांचंही तसंच. गहाण असतील तर व्याज धरा. लिलावात गेले तर कर्ज वळतं होऊन उरलेली रक्कम परत मिळते, पण तोच दागिना पुन्हा घडवायचा तर मजुरी आणि ३ टक्के जीएसटी नव्याने पडतो.

‘तोटा त्याचा’ हे तर साफ खोटं. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गंभीर पातळीवर जुगार खेळणाऱ्या एकामागे सरासरी सहा जणांना झळ बसते असा अंदाज निघाला. म्हणून प्रत्येकाची ओळ वेगळी करा: बायकोची भिशी, आईची मोडलेली एफडी, जामीन राहिलेल्या भावाचा घसरलेला सिबिल स्कोअर. ज्याची किंमत रुपयांत होत नाही ते दिवसांत लिहा. महिन्यात कामावर किती खाडे, किती रात्री घरात भांडण. त्याला ओढूनताणून रुपये लावू नका.

जुगाराची तीव्रता मोजायला जगभर वापरली जाणारी पीजीएसआय ही नऊ प्रश्नांची चाचणी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. बेरीज ८ किंवा जास्त आली तर जुगार समस्येच्या पातळीला गेलेला. ‘किती रुपये हरलात’ असा प्रश्न त्या नऊंत नाहीच. मात्र ती खेळणाऱ्याने स्वतःबद्दल भरायची असते. घरच्यांची झळ तिच्यातून पुरती कळत नाही.

राहिली बंदी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्याने जुने हप्ते माफ होत नाहीत, आणि मटका तर १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानेही थांबला नाही. आधीची कर्जं बघायला सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. खेळणाऱ्यालाच समोर बसवून तो काढायला लावा. त्यात बँका आणि फायनान्स कंपन्या दिसतील. हातउसने, भिशीतून आधीच उचललेला नंबर, मार्केटात मालकाकडून घेतलेली उचल दिसणार नाही. ते एकेकाला विचारूनच लिहावं लागतं.