खुलासा : इंदूरच्या दोन कृषी संस्थांविषयी

‘हॉवर्डसाहेबांचे १९२४ चे सोयाबीन केंद्र बंद झाले, जुने नावही पुसले’ असा संदेश इंदूरच्या मराठी कुटुंबांत फिरत आहे. त्यात दोन निरनिराळ्या संस्थांची गल्लत झाली आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांची कंपोस्ट खत बनवण्याची ‘इंदूर पद्धत’ जिथे विकसित झाली, ती १९२४ मध्ये होळकर संस्थानाच्या जमिनीवर उभी राहिलेली संस्था प्रामुख्याने कापसाच्या संशोधनासाठी होती, आणि तिच्या परिसरात आज शासकीय कृषी महाविद्यालय आहे. सोयाबीनची संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८७ मध्ये स्थापन केली. तिचे नाव पुढे बदलले, परंतु नाव बदलणे म्हणजे संस्था बंद होणे नव्हे.

जमिनीची काळजी मात्र निराधार नाही. महाविद्यालयाची जमीन अन्य कामासाठी घेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि ते रास्तच होते. कारण प्रयोगाच्या शेतात कोणते पीक घेतले, कोणते खत घातले, उत्पन्न किती आले, या वर्षानुवर्षांच्या नोंदींना त्याच मातीत अर्थ असतो, आणि पर्यायी जमीन दिली तरी तो तिथे नेता येत नाही. म्हणूनच या जमिनीसाठी निवेदन देताना त्यात संस्थेचे नाव अचूक लिहावे, अशी कळकळीची विनंती आहे. चुकीच्या नावाची तक्रार सहज फेटाळली जाते.